आकड्यांतून धावणारी मियाटा

असेटो कोर्सा या रेसिंग सिम्युलेटरमधली प्रत्येक गाडी म्हणजे कॉम्प्युटरवरचा एक फोल्डर असतो. तो उघडला की आत गाडीचं त्रिमितीय मॉडेल, रंगांच्या फाइली, आवाजाची एक बँक आणि ‘डेटा’ नावाचा आणखी एक फोल्डर दिसतो. या डेटामध्ये साध्या मजकुराच्या, नोटपॅडमध्ये उघडतील अशा फाइली असतात: इंजिनाची एक, सस्पेन्शनची एक, टायरची एक, ब्रेकची एक. इटलीतल्या कुनोस सिम्युलाझिओनी या कंपनीने हा सिम्युलेटर २०१४ मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आणला. आज इतक्या वर्षांनीही लोक त्यासाठी नव्या गाड्या बनवत आहेत, कारण या फाइली समजून घेता येतात. बाहेरच्या माणसाने बनवून घातलेल्या अशा गाडीला मॉड म्हणतात.

मॉड बनवायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा गाडीची बॉडी येते. चकाकणारा रंग, आतलं डॅशबोर्ड, दिवे. ते काम मोठं आहेच, पण गाडी चालवताना हाताला जे जाणवतं ते सगळं डेटामधून येतं. सिम्युलेटर सेकंदाला ३३३ वेळा, म्हणजे साधारण दर तीन मिलिसेकंदांनी, चारही टायरवर किती भार आहे, स्प्रिंग किती दबली आहे, चाक कुठे वळलं आहे याचा हिशेब मांडतो आणि गाडी तेवढ्याने पुढे सरकवतो. तुम्ही दिलेला आकडा खरा आहे की मनाने घातलेला, हे त्याला कळत नाही. तो मुकाट्याने हिशेब करतो. म्हणून माझा आग्रह असा की फाइलीतल्या प्रत्येक आकड्यामागे काहीतरी पुरावा हवा: सर्व्हिस मॅन्युअल, वजनकाटा, मोजपट्टी, नाहीतर निदान स्वच्छ गणित.

उदाहरणासाठी पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५ घेऊ. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, दोन आसनं, कापडी छत, आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक धरणाऱ्या वर-खाली दोन भुजा. पंख, स्पॉयलर, इलेक्ट्रॉनिक मदत यांचा पसारा नाही. शिकण्यासाठी याहून चांगली गाडी मला सुचत नाही, कारण तिच्यात चूक झाकायला जागाच नाही. कुनोसने स्वतः ही गाडी आपल्या जपानी गाड्यांच्या संचात दिली आहे, त्यामुळे आपलं काम शेवटी ताडून बघायलाही सोय होते. मात्र ते शेवटी. आधीच त्यांच्या फाइलीत डोकावलं की आपला हात त्यांच्या आकड्यांकडे ओढला जातो.

सुरुवात कागदपत्रांपासून. माहितीपत्रकातून मिळणाऱ्या गोष्टी झटपट उतरवून घ्याव्यात. व्हीलबेस २,२६५ मिलिमीटर. इंजिन १,५९७ सीसीचं. अमेरिकन आवृत्तीत ६,५०० आरपीएमला ११६ हॉर्सपॉवर आणि ५,५०० आरपीएमला साधारण १३६ न्यूटन-मीटर टॉर्क. टायर १८५/६० आर१४. पाच गिअरची गुणोत्तरं ३.१३६, १.८८८, १.३३०, १.००० आणि ०.८१४, फायनल ड्राइव्ह ४.३००. हे सगळं तासाभरात होतं. अवघड प्रश्न पुढे येतात, आणि पहिला प्रश्न वजनाचाच असतो.

माहितीपत्रकातलं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास आहे. देश आणि उपकरणं यांनुसार ते थोडं पुढेमागे होतं. पण सिम्युलेटरला हवं असलेलं वजन वेगळं: त्यात ड्रायव्हर धरायचा आणि पेट्रोल वगळायचं, कारण पेट्रोलचं वजन तो स्वतः वेगळं मोजतो. मियाटाची टाकी ४५ लिटरची. भरलेली टाकी म्हणजे सुमारे ३३ किलो. ते वजा केले, ७५ किलोचा ड्रायव्हर मिळवला, की आकडा ९९० किलोच्या जवळ जातो. कित्येक मॉडमध्ये माहितीपत्रकातलं वजन जसंच्या तसं टाकलेलं असतं. मग गाडी ड्रायव्हरशिवाय धावते आणि पेट्रोल मात्र दोनदा वाहते. पुढच्या चाकांवर वजनाचा किती हिस्सा आहे हा आकडाही हवा. मियाटात तो अर्ध्याहून किंचित जास्त असतो.

वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे जास्त बोलतं. गाडी वळायला किती अळंटळं करते ते तिच्या जडत्वावर ठरतं. असेटो कोर्सामध्ये हे जडत्व एका कल्पित खोक्याची रुंदी, उंची आणि लांबी देऊन सांगायचं असतं. सहज सुचणारी गोष्ट म्हणजे गाडीची बाहेरची मापं देणं. तसं केलं तर चूक होते. गाडीची दोन्ही टोकं म्हणजे प्लॅस्टिकचे बंपर आणि मोकळी जागा. इंजिन, गिअरबॉक्स, माणसं, टाकी हा जड ऐवज दोन्ही ॲक्सलच्या मध्ये किंवा त्यांच्या जवळ असतो. हजार किलोच्या गाडीला बाहेरची मापं, म्हणजे १.६७ मीटर रुंदी आणि ३.९७ मीटर लांबी दिली, तर उभ्या अक्षाभोवतीचं जडत्व सुमारे १,५५० किलो-चौरस मीटर निघतं. खोका १.५ बाय ३.४ मीटरचा केला की तेच १,१५० वर येतं. चपळ गाडी आणि आळशी गाडी यांतला हा फरक आहे, आणि तो एकाच ओळीत घडतो.

आता बॉडी. ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे. बाजूने, समोरून, वरून अशी रेखाचित्रं पार्श्वभूमीला लावून काम सुरू करतात. पण ही रेखाचित्रं बऱ्याचदा एकमेकांशी जुळत नाहीत. बाजूच्या चित्रात चाकाची कमान एके ठिकाणी, वरच्या चित्रात दुसऱ्या. म्हणून आधी व्हीलबेसवर प्रमाण बसवावं आणि पुढे फोटोंवर जास्त भरवसा ठेवावा. लांबून, मोठ्या लेन्सने काढलेले फोटो उत्तम, कारण जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगलेलं दिसतं. मियाटाच्या बॉडीवर एकही सरळ रेघ नाही म्हटलं तरी चालेल. तिचा सगळा गोडवा प्रकाश दारावरून कसा घरंगळतो यात आहे. त्यामुळे मॉडेलवर काळे-पांढरे पट्टे प्रतिबिंबित करून बघायचे. पट्टा कुठे थरथरला की पृष्ठभागात तिथे खोच आहे असं समजायचं.

त्रिकोणांची संख्या आटोक्यात हवी. जवळून दिसणारं मॉडेल लाख-दीड लाख त्रिकोणांचं, आणि लांबून दिसण्यासाठी त्याच्या हलक्या होत जाणाऱ्या आवृत्त्या. वीस गाड्या एकत्र धावतात तेव्हा याचं महत्त्व कळतं. वस्तूंना ठरलेली नावं द्यावी लागतात. पुढच्या डाव्या चाकाचं नाव ‘व्हील_एलएफ’ असंच हवं, नाहीतर गाडी पळते आणि चाक जागेवर स्थिर राहतं. मियाटाचे उघडझाप करणारे हेडलाइट वेगळे ठेवून त्यांची हालचाल स्वतंत्र बनवावी लागते. हे सगळं सिम्युलेटरसोबत मिळणाऱ्या एडिटरमधून गेलं की त्याच्या स्वतःच्या साच्यातली फाइल तयार होते.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगतो. दुसऱ्या गेममधून उचललेलं मॉडेल स्वतःचं म्हणून देणं ही चोरी आहे. अशा मॉडचा सुळसुळाट आहे. दिसायला ते झकास असतात, आणि आत बहुतेक वेळा कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचा डेटा नाव बदलून टाकलेला असतो. ज्याने दोन-दोन वर्षं एका बॉनेटवर घालवली त्याचा तो अपमान आहे.

सस्पेन्शनपाशी मात्र थांबायला हवं, कारण खरी मजा इथे आहे आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात.

मियाटाची स्प्रिंग चाकाच्या थेट वर नसते. शॉकअपला गुंडाळलेली ती स्प्रिंग खालच्या विशबोनवर, चाक आणि चेसिस यांच्या मध्ये कुठेतरी टेकते. चाक १० मिलिमीटर वर गेलं तर समजा स्प्रिंग ७ मिलिमीटरच दबते. हे ०.७ चं प्रमाण. आता सिम्युलेटर स्प्रिंगचा कडकपणा विचारतो तो चाकापाशी जाणवणारा, स्प्रिंगच्या दुकानात छापलेला नव्हे. त्यासाठी छापील आकड्याला या प्रमाणाच्या वर्गाने गुणायचं. वर्ग का? एकदा स्प्रिंग कमी दबते म्हणून, आणि दुसऱ्यांदा तिचा जोर विशबोनच्या तरफेतून चाकापर्यंत येताना कमी होतो म्हणून. स्प्रिंग मिलिमीटरला ३० न्यूटनची असेल तर ०.७ गुणिले ०.७ म्हणजे ०.४९, आणि चाकापाशी उरतात १४.७ न्यूटन. निम्म्याहून कमी.

ही चूक झाली की काय होतं ते बघू. गाडीच्या एका कोपऱ्यावर, चाक-हब वगळून, २३० किलो वजन आहे असं धरू. चाकापाशी १४.७ असेल तर तो कोपरा सेकंदाला साधारण १.२७ वेळा वर-खाली झुलेल. रस्त्यावरच्या गाड्या अशाच १ ते १.५ च्या दरम्यान असतात. तिथे ३० टाकले तर आकडा १.८ च्या पुढे जातो, म्हणजे रेससाठी कडक केलेली गाडी झाली. मियाटा वळणात जी छान कलते, खांदा टाकते, ते सगळं गेलं. आणि गंमत अशी की नवख्या चालकाला ही चुकीची गाडीच आवडते, कारण ती ताबडतोब वळते. म्हणून फाइल भरली की लगेच हा झुलण्याचा वेग काढून बघायची सवय लावावी. कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पुढचा आकडा आणि मागचा आकडा शेजारी लिहिले की अनेक चुका तिथल्या तिथे उघड्या पडतात.

पुढचा टप्पा विशबोन कुठे बसवले आहेत त्या बिंदूंचा. प्रत्येक चाकासाठी वरच्या विशबोनचे चेसिसवरचे दोन बिंदू, खालच्याचे दोन, हबवरचा वरचा आणि खालचा बॉल जॉइंट, आणि स्टिअरिंगच्या रॉडची दोन टोकं. हे सगळे चाकाच्या केंद्रापासून मीटरमध्ये सांगायचे. माहितीपत्रकात हे कधीच नसतं. कधी रेस टीमच्या जुन्या तक्त्यांत मिळतं, नाहीतर खरी गाडी मिळवून मोजावं लागतं. मोजण्याची पद्धत साधी आहे. फरशी सपाट आहे का ते पाणसळीने बघायचं. चाकांखाली पक्के, सारख्या उंचीचे ठोकळे द्यायचे, म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने बसलेली राहील आणि खाली हात जाईल. प्रत्येक बोल्टच्या मध्यापासून ओळंबा सोडून त्याची जागा खडूने फरशीवर उतरवायची, आणि उंची पट्टीने घ्यायची. डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही बाजू मोजाव्यात. त्या एकमेकींशी जुळल्या तर मोजमाप बरोबर. जुळल्या नाहीत तर एक तर हात चुकला आहे किंवा गाडी कधीकाळी ठोकलेली आहे.

इतकी बारकाई कशासाठी? वरच्या आणि खालच्या विशबोनच्या रेषा मनातल्या मनात आत वाढवल्या की त्या गाडीच्या पलीकडे कुठेतरी एकमेकींना छेदतात. गाडी कोणत्या उंचीभोवती कलणार ते त्या छेदबिंदूवर ठरतं. रेषा जवळजवळ समांतर असल्यामुळे इथली पाच मिलिमीटरची चूक तिथे कित्येक पटींनी वाढते. वरचा विशबोन खालच्यापेक्षा आखूड असतो, त्यामुळे गाडी कलली तरी बाहेरचं चाक रस्त्यावर बऱ्यापैकी सपाट राहतं. माझ्दाच्या इंजिनिअरांनी स्वस्त गाडीला चारही बाजूंनी ही महागडी रचना दिली ती याचसाठी. बिंदू चुकवले तर त्यांचं सगळं काम पुसलं जातं.

आता टायर. वळणात बाहेरच्या चाकांवर भार सरकतो. किती? हजार किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.४६ मीटरवर, दोन चाकांमधलं अंतर १.४१ मीटर, आणि वळणाचा जोर ०.८५ जी धरला, तर जवळजवळ २७७ किलोंचा भार आतून बाहेर जातो. सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाच-पाचशे किलो होते. वळणात आतल्या दोन चाकांवर मिळून २२३ उरतात आणि बाहेरच्या दोघांवर ७७७ येतात.

यात महत्त्वाचं असं की टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही. समजा २,५०० न्यूटन भाराला एक टायर २,७५० न्यूटन पकड देतो. भार दुप्पट केला तर पकड ५,५०० व्हायला हवी, पण ती ४,८०० च्या आसपास थांबते. त्यामुळे भार जितका जास्त सरकेल तितकी त्या जोडीची एकूण पकड घटते. डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारा पुढचा अँटिरोल बार जाड केला की सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा पुढची चाकं उचलतात, पुढची पकड आधी संपते आणि गाडी नाक बाहेर टाकते. मागचा जाड केला तर शेपूट फिरते. टायरच्या फाइलीत हा गुण एका घातांकाने सांगतात, तो १ पेक्षा थोडा कमी असतो. तो बरोबर १ केला तर बार कितीही बदला, गाडीचा तोल हलतच नाही. मॉड तपासण्याची ही एक नामी खूण आहे.

टायरबद्दल दुसरी गोष्ट कोनाची. वळणात टायरचं तोंड एकीकडे आणि तो प्रत्यक्ष जातो दुसरीकडे. या दोन दिशांमधला कोन वाढतो तशी पकड वाढते, एका कोनाला कळस गाठते आणि मग उतरते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाचे हान्स पासेका यांनी हा वक्र गणिताच्या सूत्रात बसवला, आणि ते सूत्र जगभरच्या वाहन अभियंत्यांच्या हाती गेलं. रेसचा स्लिक टायर लहान कोनाला कळस गाठतो. १९८९ चा रस्त्यावरचा टायर मोठ्या कोनाला, आणि पुढे उतरतोही हळूहळू. मियाटा घसरायला लागते तेव्हा चालकाला सावरायला वेळ मिळतो तो या हळू उतारामुळे. आधुनिक टायरचा डेटा तिला चिकटवला की लॅपची वेळ सुधारते आणि ही सावकाशी हरवते. माझ्या मते रस्त्यावरच्या जुन्या गाडीच्या मॉडमध्ये सगळ्यात आधी हाच वक्र तपासावा.

इंजिन त्यामानाने सोपं. टॉर्कची फाइल म्हणजे आरपीएम आणि न्यूटन-मीटर यांच्या जोड्या. लक्षात ठेवायचं ते एवढंच की सिम्युलेटरला चाकांपर्यंत पोहोचणारा टॉर्क हवा असतो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये १४ टक्के जातात असं धरलं तर १३६ चे ११७ होतात. मग गिअरची पडताळणी करायची. या टायरचा घेर साधारण १.८१५ मीटर, त्यामुळे दुसऱ्या गिअरमध्ये ७,००० आरपीएमला गाडी ताशी ९४ किलोमीटरला पोहोचते. भाराने टायर थोडा दबतो, तेवढे दोन-तीन किलोमीटर कमी करा. म्हणजे शंभर गाठायला तिसरा गिअर लागणारच. तुमच्या मॉडमध्ये दुसऱ्यातच शंभर होत असतील तर एखादं गुणोत्तर किंवा टायरची त्रिज्या चुकली आहे. डिफरन्शियल साधं की व्हिस्कस, हेही आधी ठरवावं. व्हिस्कस तेव्हा पर्याय म्हणून मिळत असे. पाय उचलल्यावर गाडी कशी वागते ते त्याने बदलतं.

आवाजासाठी एफमॉड स्टुडिओ लागतो, आणि तोही जुन्या १.०८.१२ या आवृत्तीचा. वेगवेगळ्या आरपीएमला ॲक्सिलरेटर दाबलेला आणि सोडलेला अशी दोन्ही प्रकारची ध्वनिमुद्रणं घेऊन ती एकमेकांत मिसळायची. सोडलेल्याची मुद्रणं लोक विसरतात आणि पाय उचलला तरी गाडी ओरडतच राहते.

चाचणीचा क्रम पाळला तर खूप त्रास वाचतो. आधी सरळ रस्ता: शून्य ते शंभर आणि सर्वाधिक वेग. मग ब्रेक. त्यानंतर ३० मीटर त्रिज्येचं गोल रिंगण, हळूहळू वेग वाढवत. ०.८५ जी पकड असेल तर तिथे ताशी ५७ किलोमीटरच्या जवळ गाडी मर्यादेला येईल. त्या काळच्या टायरवर हा आकडा पटण्यासारखा आहे. ताशी ६५ निघाले, म्हणजे १.१ जी झाले, तर टायरमध्ये काहीतरी फुगवलेलं आहे. ट्रॅकवरची लॅप सगळ्यात शेवटी घ्यावी. कारण वजन जास्त पडलं आणि पकडही जास्त टाकली तर दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात आणि लॅपची वेळ अगदी बरोबर येते. मग दुसऱ्या ट्रॅकवर, जिथे चढ आहे किंवा वळणं लांब आहेत, तीच गाडी भलतीच वागते आणि कारण शोधायला सगळ्या फाइली पुन्हा चाळाव्या लागतात. एका वेळी एकच आकडा बदलायचा आणि का बदलला ते त्याच ओळीसमोर लिहून ठेवायचं. मॉड प्रसिद्ध करताना या टिपा काढून टाकू नयेत. पुढच्या माणसाला त्याच सर्वात जास्त उपयोगी पडतात.

मियाटा जमली की मला आपल्याकडची एक गाडी करून हवी आहे. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म: दोन आसनं, उघडं छत, फायबरग्लासची बॉडी आणि रेनोचं १,१४९ सीसीचं, सुमारे ६० हॉर्सपॉवरचं इंजिन. तिच्यामागे मियाटासारखा कागदांचा ढीग नाही. मूठभरच गाड्या रस्त्यावर आल्या, आणि आज धडधाकट असलेली प्रत्येक गाडी म्हणजे मोजण्याची एकेक संधी आहे. एखादा मालक तयार झाला तर चार वजनकाटे, जॅक, ओळंबा, पाणसळ आणि खडू एवढ्यावर काम भागतं. चारही चाकं आधी सपाट जमिनीवर तोलायची. मग मागची चाकं ठोकळ्यांवर चढवून पुन्हा तोलायची आणि पुढच्या काट्यांवर किती भार वाढला ते टिपायचं. त्या वाढीवरून गुरुत्वमध्याची उंची निघते. फायबरग्लासची बॉडी हलकी असल्याने ही उंची कमी असावी असा माझा अंदाज आहे, पण फाइलीत अंदाज लिहायचा नाही, काट्यावर आलेला आकडा लिहायचा.